तो फाउल त्याचा नव्हता

मला टीबी झाला होता. हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं ते अंबाजोगाईच्या एका मैदानावर, वीस-पंचवीस पोरापोरींच्या देखत. कुंपणापाशी माझे वडील उभे होते. त्याआधी कित्येक महिने गोळ्या गिळत होते आणि गोळ्यांबरोबर ते वाक्यही गिळत होते.

आता मी बरी आहे. बी.ए. झाले आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण ते कमावलेलं आहे. हे लिहिणं मात्र त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या हातात आज तसाच रिपोर्ट आहे आणि घरचे म्हणताहेत, कुणाला बोलू नको. औषधांचं डॉक्टर सांगतील. बाकीचं जे कुणी सांगत नाही ते मी सांगते.

अंपायर नसलेला खेळ

कॉलेजात मी अल्टिमेट फ्रिस्बी खेळायचे. आमची वस्ती नांदूरघाटपासून आत, तिथे हे नाव कुणाला कळणार? 'ताटली फेकायचा खेळ' असं सांगावं लागायचं. त्यावर माय म्हणायची, ताटल्याच फेकायच्या होत्या तर घरी काय कमी होत्या, त्यासाठी अंबाजोगाईला हॉस्टेलात कशाला राहायचं?

आमच्या क्रीडाशिक्षकांनी हा खेळ बाहेरून शिकून आणला. नेट नको, बॅट नको, एक प्लास्टिकची डिस्क आणि मोकळी जागा. एका बाजूला सात जण. डिस्क हातात आली की पळता येत नाही. थांबायचं आणि फेकून आपल्या माणसाला द्यायची. पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्यापैकी कुणी झेलली की पॉइंट. पोरं आणि पोरी एकाच टीममध्ये, म्हणून पोरी लागतातच. आमच्याकडे त्या मोजक्याच होत्या. काहींना घरून परवानगी नव्हती, काहींना ट्रॅक पॅन्टची लाज. मला दोन्ही अडचणी नव्हत्या. मी लहानपणी मेंढरांमागे गोफण फिरवलेली पोरगी, माझ्या मनगटाचं सर कौतुक करायचे.

पहाटे प्रॅक्टिस. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटायची की प्रत्येकाची उंची वाढायची. मैदानात कुणाच्या तरी म्हशी असायच्या, त्यांना हाकलण्यात पहिला वॉर्मअप.

या खेळाची एक गोष्ट कळली नाही तर माझी गोष्ट कळणार नाही. इथे अंपायर नसतो. ज्याला धक्का लागला त्याने स्वतः 'फाउल' म्हणायचं. समोरच्याने 'मान्य' म्हणायचं, नाहीतर 'अमान्य'. आपला कॉल चुकला असं वाटलं तर तो मागे घ्यायचा. मॅच संपली की दोन्ही टीम मिळून गोल करतात, एक आपला एक त्यांचा, खांद्यावर हात टाकून, आणि ज्याला जे बोलायचं ते तिथे सगळ्यांसमोर बोलतो. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. म्हणाले, "आपल्या ग्रामपंचायतीला शिकवा जरा."

बीडची मॅच

पाऊस सरत आला होता. बीडला एका कॉलेजच्या मैदानावर मॅच होती. त्यांच्याकडे परमेश्वर नावाचा एक उंच, हडकुळा पोरगा होता. आपल्या भागात परमेश्वर नावाची पोरं गल्लीगल्लीत सापडतात, पण याच्यासारखी उडी मारणारा दुसरा नव्हता. डिस्क हवेत असली की हा तिच्याखाली नसायचाच, तिच्या बरोबरीने असायचा.

माझी रूममेट आणि आमची कॅप्टन अश्विनी, तिने लांब फेकलेल्या डिस्कमागे मी धावत होते. मागून परमेश्वर आला, उडाला. मी पडले. पडल्यावर उठता येईना, कारण श्वास आत जाईना. उजव्या कुशीत कुणीतरी सुरी धरून ठेवली आहे असं वाटत होतं.

परमेश्वर शेजारी गुडघ्यावर बसला होता, त्याचा चेहरा पांढराफटक. तो सगळ्यांना सांगत होता की फाउल माझा आहे, माझा हात लागला. अश्विनीने वाकून विचारलं, "सारिका, फाउल का?" मी होकारार्थी मान हलवली.

एवढाच माझा कॉल. दम असता तर आठवून पाहिलं असतं, की कुशीतली चमक आठवडाभर आधीपासूनच होती.

परतीच्या एसटीत अश्विनी म्हणाली, "परमेश्वरानंच पाडलं म्हणल्यावर आता दाद कुणाकडं मागायची?" सगळी बस हसली. मीही हसले आणि कूस धरून बसले.

मुका मार

पुढे जे झालं ते आमच्यासारख्यांच्याच बाबतीत होऊ शकतं. दुसऱ्या कुठल्या खेळात कुणी म्हणालं असतं, अहो, एवढ्याशा धक्क्याने एवढं कसं होईल? आमच्या खेळात जो स्वतः उठून म्हणतो की चूक माझी, त्याच्यापुढे कुणी चौकशी करत नाही. तो मोठेपणा असतो, त्याचा मान ठेवायचा असतो. सरांनी ठेवला, टीमने ठेवला, मी ठेवला. घरी तर दुसरं कारण शोधायची गरजच नव्हती.

मी गावी आले. शेजारच्या गावचा हाडवैद्य आला, बरगडीला मार आहे म्हणाला आणि छाती फडक्याने आवळून बांधली. मायने हळद-तुरटीचा लेप लावला. संध्याकाळी अंगात कणकण यायची, तर माराचा ताप असतोच. कोरडा खोकला यायचा, तर बरगडी दुखावलीय म्हणून. कुर्ता सैल झाला होता, तर मेसचं जेवण. रोज काहीतरी नवीन व्हायचं आणि रोज ते त्या एका फाउलच्या खाती जमा व्हायचं.

वाचणाऱ्याला मी एकच सांगेन. सोपं कारण सापडलं म्हणून थांबू नका. रोज संध्याकाळी ताप येत असेल, खोकला हटत नसेल, वजन उतरत असेल, तर सरळ छातीचा फोटो काढा. मार लागलेला असला तरी काढा.

एक दिवस मी घरापासून शेतापर्यंत चालत गेले आणि परत येताना बांधावर बसावं लागलं. थोडं चालले, पुन्हा बसले. दादा मेंढरं घेऊन मागे येत होते. त्यांनी मला बसताना पाहिलं, उठताना पाहिलं. घरी आल्यावर मायला म्हणाले, उद्या अंबाजोगाईला जायचंय, कपडे भर.

रिपोर्ट

सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी मॅचपासून सुरुवात केली. त्यांनी फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, बरगड्या सगळ्या शाबूत आहेत. फुफ्फुसाच्या बाहेर पाणी साठलंय.

पाठीत सुई घालून ते पाणी काढलं. फिकट पिवळं. मला भीती सुईची नव्हती. एवढं काहीतरी इतके दिवस माझ्या आत होतं आणि मला पत्ता नव्हता, त्याची भीती वाटली. पण पाणी निघालं आणि श्वास थेट खालपर्यंत गेला. तो श्वास मला अजून आठवतो. त्या दिवसाचं तेवढंच चांगलं.

तपासणीचा निकाल आला. डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं, टीबी आहे. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, पूर्ण बरी होशील. हा प्रकार सहसा दुसऱ्याला लागत नाही, ताट-तांब्या वेगळा करायची गरज नाही, तरी घरच्यांनी एकदा तपासून घ्या.

मायने त्या क्षणी माझ्याकडे पाहिलं नाही. तिने मागे वळून पाहिलं, दारात कुणी ऐकणारं उभं आहे का.

बाहेरच्या बाकड्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि ठरवून टाकलं. "मार लागलाय. बरगडीला. बास, येवढंच. पुढं कुणी काय इचारलं तरी येवढंच."

कारण तलवाडा होतं. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याहून माझ्यासाठी विचारणा आलेली होती. मुलगा शिक्षक, घर बरं, आणि त्यांची अट काय, तर मुलगी शिकलेली हवी. माझं शिक्षण कुणीतरी अट म्हणून मागतंय, याचा मायला कोण अभिमान होता. ते स्थळ ती हातचं जाऊ देणार नव्हती. दादा काहीच बोलले नाहीत. आमच्याकडे दादा बोलले नाहीत म्हणजे तसं ठरलं.

वॉर्ड

काही दिवस मला ठेवून घेतलं. गंमत अशी की दवाखाना आणि आमचं मैदान एकाच गावात. पहाटे जाग आली की मला कळायचं, आता पोरं म्हशी हाकलत असतील, आता सर शिट्टी शोधत असतील, आता अश्विनी ओरडत असेल. आणि सगळ्यांना माहीत होतं की सारिका गावी आहे, बरगडीवर लेप लावून. रिक्षाने दहा रुपयांच्या अंतरावर मी पडून होते आणि कुणालाही ये म्हणू शकत नव्हते. ग्रुपवर प्रॅक्टिसचे व्हिडिओ यायचे. मी अंगठा टाकायचे.

शेजारच्या खाटेवर घाटनांदूरच्या एक मावशी होत्या, दम्याच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "टीबी हाय का?" मी म्हटलं, बरगडीला मार लागलाय. त्यांनी माझ्या हातातल्या गोळ्यांकडे पाहिलं. "बरगडीला येवढ्या गोळ्या? बरं माय, बरगडी तर बरगडी."

मग त्यांनी पिशवीतून एक सीताफळ काढलं, मधून फोडलं, अर्धं मला दिलं आणि अर्ध्यातलं खाऊन झाल्यावर माझ्या अर्ध्यातल्या दोन पाकळ्याही उचलल्या, कारण त्यांच्या मते माझं जास्त गोड निघालं होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं पाळणारी मला भेटलेली ती पहिली बाई.

गोळ्यांनी लघवी भगव्या रंगाची होते. नर्सने आधी सांगितलं होतं, तरी पहिल्यांदा पाहून मी भिंत धरून उभी राहिले. सकाळची मळमळ, सांधे धरणं, जिभेवर लोखंडाची चव. हे सगळं होतं आणि जातं. कुणी आधी सांगितलं तर निम्मं सोपं जातं, म्हणून सांगते आहे.

आखाडा

घरी आल्यावर मायने ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, माझी पांघरायची वाकळ वेगळ्या दोरीवर वाळत घातली. मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणाल्या होत्या ना. माय म्हणाली, "डागदरणीला काय जातंय बोलाया. तिला कुठं पोरगी द्यायची हाय."

गावातल्या बाया बरगडी बघायला येऊ लागल्या. कुणी तेल घेऊन, कुणी नुसतं कुतूहल घेऊन. एकीने तर दाबूनच पाहिलं. दिवाळीनंतर मायने मला आखाड्यावर हलवलं. आखाडा म्हणजे शेतातली पत्र्याची खोली, औजारं आणि कडबा ठेवायची. सांगायला कारण, तिथं पोरीला अभ्यासाला शांतता मिळते.

शांतता मिळाली. इतकी मिळाली की दुपारी विहिरीवरची मोटार बंद झाली तरी दचकायला व्हायचं. माय सकाळी भाकरी ठेवून कापूस वेचायला जायची. दादा मेंढरं घेऊन जायचे ते दिवस कलल्यावर यायचे आणि समोर बसायचे. विचारायचे, "घेतल्या का?" मी म्हणायचे, घेतल्या. तेवढं आमचं बोलणं. मायपेक्षा मला तेच जड जायचं. माय निदान भांडायची.

माझ्याकडे एक डिस्क होती. अंगात थोडी ताकद आली तसं मी मोकळ्या रानात फेकून बघू लागले. त्यात एक पंचाईत आहे. हा खेळ एकट्याने खेळता येत नाही. फेकायची, मग आपणच चालत जाऊन उचलायची, मग उलटीकडे फेकायची, पुन्हा चालायचं. शेळ्या बिचकायच्या. एकदा फेकली आणि आणायला गेलेच नाही, तिथेच ढेकळावर बसून राहिले. रडले नाही. नुसती बसले. टीबीने मला जेवढं दमवलं त्याहून त्या बसण्याने दमवलं.

परमेश्वरचे फोन

त्याने अश्विनीकडून माझा नंबर घेतला होता. सुरुवातीला रोज एक मेसेज, बरगडी कशी आहे. मग एकदा फोन आला तो मायने उचलला. कोण बोलतंय विचारलं, पलीकडून उत्तर आलं, परमेश्वर. मायने फोन ठेवला आणि म्हणाली, कुणीतरी चावट पोरगं हाय, देव म्हणतंय सोताला.

मी त्याच्याशी बोलले. तो विचारायचा, हाड जुळलं का. मी म्हणायचे, जुळतंय. तो म्हणायचा, मालिश नका करू, डॉक्टरला विचारा. त्याच्या आवाजात इतकी काळजी असायची की मला फोन कानापासून लांब धरावासा वाटायचा.

मग अश्विनीकडून कळलं. त्याच्या कॉलेजात पोरं त्याला 'रोलर' म्हणू लागली होती, रस्त्यावरचा रोलर, पोरींवरून जाणारा. त्यावर तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो गप्प झाला. मैदानावर यायचा, पण उडी मारायचा नाही. डिस्क डोक्यावरून जाऊ द्यायचा. त्यांच्या सरांना म्हणाला, माझ्या हाताखाली एक पोरगी पडली, पुन्हा कुणी पडलं तर? आता अंबाजोगाईला स्पर्धा होती, फेब्रुवारीत, आमच्याच मैदानावर. ती खेळून टीशर्ट परत करणार, खेळ सोडणार, असं त्याने सांगून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी मी मायला म्हटलं, मला त्याला खरं सांगायचंय. तिने भाकरी थापायची थांबवली.

"एका पोराच्या उड्यांसाठी तू आपलं घर उघडं टाकणार?"

"माय, त्यानं कायच केलं न्हाई."

"मग म्हण की त्येला. बरगडी बरी झाली, मार उड्या."

मी तेही करून पाहिलं. फोन करून म्हटलं, मी ठणठणीत आहे, तू खेळ. तो म्हणाला, "बरी झालीस तर मग खेळायला कावून येईनास?"

मायचं खोटं घरात खपायचं, वस्तीवर खपायचं, तलवाड्यातही खपलं असतं. या एका पोरापाशी ते खपत नव्हतं.

गोल

जानेवारीत मी हॉस्टेलवर परतले. डॉक्टरबाईंनी हलकं चालायला सांगितलं होतं, धावायला अजून नाही. गोळ्या सुरूच होत्या. मी त्या बाथरूममध्ये जाऊन घ्यायचे, अश्विनी खोलीत असताना. एकाच खोलीत दोन वर्षं राहिलेल्या मैत्रिणीपासून लपून गोळी घेणं हे आखाड्यापेक्षा जास्त एकटं होतं.

स्पर्धेच्या दिवशी दादा मोटरसायकल घेऊन आले. दुसऱ्या दिवशी तलवाड्याचे लोक मला बघायला येणार होते, म्हणून न्यायला. पहिलीच मॅच आमची आणि बीडची. मी रेषेबाहेर पाण्याच्या जारपाशी बसले. दादा कुंपणाला टेकून उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

परमेश्वर खेळत होता म्हणायचं. एक डिस्क त्याच्या डोक्यावर हातभर उंचीवर तरंगत आली, नुसती घ्यायची होती. तो बाजूला झाला. मागून आमच्या पोराने घेतली. त्याच्याच टीममधला एक जण ओरडला, "बे परम्या, हात काय शोभेला लावलेत का?" दुसरा म्हणाला, "रोलरला उडता येत न्हाई बे." दोघं-तिघं हसले. परमेश्वरने मान खाली घातली आणि पुढच्या जागी जाऊन उभा राहिला.

आम्ही जिंकलो. गोल झाला. सरांनी मलाही आत बोलावलं, खेळले नसले तरी. माझ्या एका खांद्यावर अश्विनीचा हात, दुसऱ्यावर बीडच्या एका मुलीचा. परमेश्वर बरोबर समोर होता. बोलण्याची पाळी त्याच्यावर आली तेव्हा म्हणाला, सारिकाताई मैदानावर दिसली, बरं वाटलं, पुन्हा एकदा माफी मागतो, आणि माझी ही शेवटची स्पर्धा आहे, कुणाला काही बोललो असेन तर विसरा.

सर पुढच्याकडे वळले. मी म्हटलं, मला बोलायचंय.

दादा वीसएक पावलांवर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"बीडच्या मॅचमधला कॉल मी मागं घेते. तो फाउल नव्हता. मला टीबी झालता. छातीत पाणी साठलं होतं, त्यानं दम गेला. तुझा हात नुसता खांद्याला लागलता."

माझ्या डाव्या खांद्यावरचा हात निघाला. बीडची ती मुलगी. तिने मुद्दाम केलं नसावं, हात आपोआप गेला. अश्विनीचा हात राहिला, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

परमेश्वर हट्टी पोरासारखा म्हणाला, "अमान्य. हात लागलता माझा."

"हात लागून छातीत पाणी भरत न्हाई, परमेश्वर."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. परमेश्वर हसला नाही.

"मग येवढे महिने मला कावून सांगितलं न्हाई? मी झोपलेलो न्हाई नीट. तुला म्हाईत होतं."

"घरच्यांनी सांगू नको म्हणलं."

त्याची नजर माझ्या मागे कुंपणाशी उभ्या दादांकडे गेली, परत आली. "मान्य," म्हणाला, आणि गोल मोडायच्या आधीच निघून गेला.

सांगितलं की लगेच हलकं वाटतं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पोरं पांगली. पाण्याच्या जारपाशी मी बसले होते तिथून थोडं अंतर ठेवून सगळे पाणी पीत होते. अश्विनी आली ती फक्त एवढं बोलायला, "माझ्याच खोलीत राहून मला बी न्हाई सांगितलंस." आणि पुढच्या मॅचचा टॉस करायला गेली. तिच्याशी पूर्वीसारखं बोलणं व्हायला परीक्षा उजाडली. त्या हात काढलेल्या मुलीने नंतर येऊन विचारलं, मी तपासून घ्यायला हवं का. मला डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते मी तिला सांगितलं आणि जवळच्यांनी एकदा तपासून घ्यावं म्हटलं. सरांनी आमच्या टीमला नेऊन तपासून आणलं. सगळे ठीक निघाले.

दुपारी बीडची दुसरी मॅच होती, दुसऱ्याच कुणाशी. आम्ही निघणार होतो, पण दादा हलेनात, म्हणून मीही थांबले.

दुसऱ्याच मिनिटाला एक डिस्क उंच गेली, वाऱ्याने तिरकी झाली. परमेश्वर खालून आला आणि उडाला. समोरचा पोरगाही उडाला. हवेत दोघं आपटले, दोघं पडले, धुळीतून परमेश्वर उठला तेव्हा डिस्क त्याच्या हातात होती. समोरचा ओरडला, फाउल. परमेश्वर त्याच्या तोंडासमोर उभा राहून ओरडला, अमान्य! आणि हातवारे करत भांडायला लागला, कुठून आला, कुठे उडाला, कुणाचा कोपर कुणाला लागला. त्याच्या टीमची पोरं मध्ये पडली तरी तो ऐकेना. कुणी कुणाशी भांडतंय आणि मला इतकं बरं वाटतंय, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

रस्ता

तलवाड्याचे लोक ते कळल्यावर आलेच नाहीत. मायने माझ्याशी अनेक दिवस बोलणं टाकलं, नंतर एकदा चहा देताना आपोआप बोलून गेली आणि मग सुरूच झालं. गोळ्या संपल्या. त्या उन्हाळ्यात मी परीक्षा दिली आणि पास झाले.

पण त्या दिवशी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी दादांच्या मागे मोटरसायकलवर बसले होते आणि ते बोलत नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मैदानावर त्या वेळी वारा त्यांच्याच बाजूला वाहत होता. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि वाट बघत होते की आता थांबतील, आता काहीतरी म्हणतील. केजच्या अलीकडे त्यांनी खरंच गाडी बाजूला घेतली. उतरले. रस्त्याच्या कडेला उभे राहून तंबाखू मळली.

"त्यो उंच पोरगा," ते म्हणाले. "त्योच का?"

"व्हय."

त्यांनी तंबाखू दाढेला धरली आणि हात झाडले.

"लई उंच उडतंय."

मग गाडीवर बसले, मी बसले याची खात्री केली आणि किकवर पाय ठेवून, मागे न बघता म्हणाले, "घरी गेल्यावर तू गप राहा. मायला मी सांगतो."